अर्ध्या तासात दारात

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि आवाजही नाही. माझ्यावर जे लिहून ठेवतात तेवढेच मी बोलते. मी एका लहानशा दुकानाची वेबसाइट आहे. वय म्हणाल तर सहा वर्षे. आमच्या कुळात हे वय म्हातारपणाचे मानतात. या सहा वर्षांत एक सोमवारची दुपार अशी आली, की ती मी आजही विसरलेले नाही.

आमचे दुकान एका अरुंद रस्त्यावर आहे. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. ज्यांची फुप्फुसे दुबळी झाली आहेत त्यांना घरी प्राणवायूचे यंत्र लागते. ते खोलीतली हवा ओढून घेते, तिच्यातला प्राणवायू वेगळा काढते आणि नळीने नाकाशी पोचवते. अशी यंत्रे भाड्याने द्यायची, घरी जाऊन बसवायची, त्यांच्या जाळ्या साफ करायच्या आणि बिघडली की दुरुस्त करायची, हा आमच्या मालकांचा धंदा. सगळे त्यांना 'हवावाले काका' म्हणतात. काका उंच आणि किंचित वाकलेले, बोलायला कमी. ती कसर काकू भरून काढतात. फोन घेणे, पत्ते लिहिणे, घाबरलेल्या माणसाला धीर देणे, हे काम काकूंचे.

पूर्वी लोक ऐकून ऐकून यायचे. कोणी परिचारिका चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायची. पण पुढे जो तो विचारू लागला, "तुमची वेबसाइट नाही का?" तेव्हा काकूंच्या बहिणीच्या मुलीने मला घडवायचे ठरवले. ती एका कार्यालयात हेच काम करायची. तीन रविवार ती दुकानातल्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसली.

"काका, लोक तुमच्याकडेच का येतात? एका वाक्यात सांगा."

"यंत्र बंद पडतं म्हणून."

"अहो, असं नाही लिहिता येत!" ती कपाळावर हात मारून म्हणाली.

काकांचा फोटो काढायचा तर त्यांनी श्वासच रोखून धरला. दुसऱ्यांच्या श्वासाची काळजी वाहणारा माणूस फोटोत गुदमरल्यासारखा दिसत होता. काकू हसून हसून बेजार झाल्या. तो फोटो माझ्यावर लागला आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत एक ओळ आली: 'अर्ध्या तासात दारात! आठवड्याचे सातही दिवस.'

काकांनी ती ओळ दोनदा वाचली. "अगं, अर्ध्या तासात मी पूल तरी ओलांडतो का? आणि सोमवारी तर मी रुग्णालयातली यंत्रं बघायला जातो. तेही पुलापलीकडे."

"सगळेच असं लिहितात, काका. लोक वरच्या चार ओळी बघतात आणि ठरवतात. कोणी घड्याळ लावून बसत नाही."

"आणि आपला फोन नंबर कुठंय?" काकूंनी विचारले.

"तळाशी आहे, मावशी. वर घेतला तर पानाची शोभा जाते. आता कोण फोन करतं? हे हिरवं बटण दाबायचं, निरोप लिहायचा. तो सरळ काकांच्या मोबाइलवर येणार."

तिने बटण दाबून पाहिले. निरोप गेला आणि पोचला. मात्र तो काकांकडे नव्हता गेला. तपासणीसाठी तिने स्वतःच एक मेलबॉक्स उघडला होता, त्याचा पत्ता मला दिला होता. काकांचा पत्ता ती नंतर घालणार होती. तेवढ्यात कुठलेसे यंत्र बिघडल्याचा फोन आला, काका पिशवी घेऊन धावले, आणि ते काम राहिले ते राहिलेच. पुढच्याच आठवड्यात तिला दूरच्या शहरात नोकरी लागली.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. शिंपी सुई कॉलरला टोचून मला पाहायला आला. चष्मेवाल्याने दोन चष्मे बदलून पाहिले. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला काउंटरवरच्या संगणकावर मला दाखवत. मी हुरळून गेले.

मग पहिला निरोप आला: 'आईसाठी यंत्र हवे आहे. केव्हा येऊ?'

मी ठरलेले उत्तर दिले: 'धन्यवाद! तुमचा निरोप मिळाला. आमचा माणूस अर्ध्या तासात तुमच्या दारात असेल.' आणि निरोप घेऊन दिलेल्या पत्त्यावर गेले. तिथे सामसूम होती. मेलबॉक्स कोणी उघडला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

मित्रांनो, मी हादरले. हा पत्ता काकांचा नाही, हे मला कळत होते. काका माझ्यापासून हातभर अंतरावर बसून जाळी पुसत होते आणि काकूंना म्हणत होते, "वेबसाइटवरून काही कोणी येत नाही गं."

"नवी आहे. रुळेल हळूहळू," काकू म्हणाल्या.

मला ओरडून सांगावेसे वाटे, 'अहो, ते येतायत! दाराशी येऊन परत जातायत!' पण माझ्या तोंडाला कुलूप. हळूहळू काकांनी मला उघडणे सोडले. संगणकावर जुना टॉवेल पडला. चष्मेवालाही विसरला. निरोप मात्र येत राहिले. दर वेळी मी हसतमुखाने धन्यवाद म्हणत असे आणि दर वेळी मनात विचारत असे. आज आलेला माणूस साधी चौकशी करायला आलाय, की कोणाचा जीव टांगणीला लागलाय?

असे एकोणीस महिने गेले. मग तो सोमवार उगवला.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी कोणीतरी मला उघडले आणि थेट हिरवे बटण दाबले. अक्षरे भराभर उमटली: 'बाबांचं यंत्र बंद पडलंय. सारखं वाजतंय. लाल दिवा लागलाय. बोटाच्या मीटरवर ८८ दिसतंय. तिसरा मजला, लिफ्ट चालू आहे. लवकर या.'

बोटाला लावायचे ते लहान मीटर रक्तातला प्राणवायू दाखवते. निरोगी माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या वर असतो, हे काकूंच्या तोंडून मी शंभरदा ऐकले होते. काका त्या वेळी पुलापलीकडे होते. आणि मी काय म्हणाले? 'धन्यवाद! तुमचा निरोप मिळाला. आमचा माणूस अर्ध्या तासात तुमच्या दारात असेल.' शेजारी हिरवी बरोबरची खूण.

ती बाई पानावरून हलली नाही. वर जाई, ती ठळक ओळ वाची, पुन्हा खाली येई. दोन वीस झाले.

'निघालात का?' तिने लिहिले.

'धन्यवाद! तुमचा निरोप मिळाला,' मी म्हणाले.

कोणीही निघाले नव्हते. मी तो निरोपही त्या निर्जन पेटीत टाकून आले. माझ्याकडे दुसरा रस्ताच नव्हता. काउंटरवर टॉवेलाखाली संगणक बंद होता आणि चार पावलांवर काकू नळ्यांची भेंडोळी करत बसल्या होत्या. एवढेसे अंतर मला कापता येत नव्हते.

दोन तेहतीसला तिसरा निरोप आला. त्यात फक्त आकडा होता: '८३'.

'धन्यवाद!' मी म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच भीती वाटली. एक माणूस गुदमरत होता आणि मी आभार मानत होते.

दोन अडतीसला ती बाई खाली, अगदी तळाशी उतरली. तिथे सहसा कोणी जात नाही. करड्या बारीक अक्षरांत लिहिलेला नंबर तिला दिसला. तो नुसता दाबून फोन लागत नव्हता, वाचून एकेक आकडा फिरवावा लागत होता. पुढच्याच क्षणी ती निघून गेली. पान बंद झाले. पुढे काय झाले ते मला कळायला मार्ग नव्हता. वाईट बातमी एकदाची कळलेली बरी, पण काहीच न कळणे फार वाईट.

बाराव्या दिवशी दुकानात एक बाई आल्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. काकूंनी आवाजावरून त्यांना लगेच ओळखले.

"बाबा कसे आहेत?" काकूंनी घाईने विचारले.

"काल घरी आणलं. आहेत."

त्या एका शब्दासाठी मी बारा दिवस ताटकळले होते. बाई बोलू लागल्या तेव्हा त्या सोमवारचे उरलेले सगळे मला कळले. यंत्र एका नातलगाने वापरून दिलेले होते, त्यामुळे ओळखीचा दुरुस्तीवाला कोणी नव्हता. म्हणून त्यांनी मला शोधले. शेवटी फोन लागला तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "कोण निघालं? आमच्याकडे कुणाचा निरोपच नाही! ताई, आता कुणाची वाट बघू नका. यंत्राबरोबर लहान सिलिंडर आलाय का? पलंगाखाली बघा." सिलिंडर होता. सिलिंडरची चावी हळू फिरवा, नळी यंत्रातून काढून त्याला लावा, डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यावरच ठेवा, असे एकेक सांगत काकूंनी तो सुरू करून घेतला. मग बाईंना त्यांच्या शेजाऱ्यांच्या फोनवरून रुग्णवाहिका बोलवायला लावली. त्यानंतर अकरा दिवस वडील रुग्णालयात होते.

काका हातातला पेचकस तसाच धरून उभे होते.

"मला भांडायचं नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइलवर मला उघडून काउंटरवर ठेवले. "गणितात जे दिलेलं असतं ते आम्ही खरं धरून चालतो. इथे अर्धा तास दिला होता. मी समोर घड्याळ ठेवून बसले. अठ्ठावीस मिनिटं, काका. माझ्या बाबांचे ओठ निळे पडत होते आणि मी घड्याळ बघत होते. हे लिहिलं नसतं, तर मी पहिल्याच मिनिटाला रुग्णवाहिका बोलावली असती."

काकांनी पेचकस काउंटरवर ठेवला. "चूक झाली," एवढेच ते म्हणाले.

निरोप जातात तरी कुठे, हे विचारायला काकूंनी भाचीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसने येऊन हजर झाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने तो मेलबॉक्स उघडला. त्रेचाळीस निरोप.

काकांनी एकेकाला स्वतः फोन केला. कोणी हसले, कोणी रागावले. कोणी म्हणाले, "आम्ही केव्हाच दुसरीकडून घेतलं." एका माणसाने आठ महिन्यांपूर्वी आपल्या आईसाठी लिहिले होते. तो म्हणाला, "आता नको, काका. राहू दे." आणि त्याने फोन ठेवला. काका फोन कानाला धरून तसेच बसून राहिले. मलाही त्या आईचे काय झाले ते ठाऊक नाही. ठाऊक व्हावे असे वाटते आणि वाटतही नाही.

"मावशी, आता काय लिहायचं ते तूच सांग," भाची डोळे पुसून म्हणाली.

काकू सांगत गेल्या आणि मी नव्याने घडत गेले. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत फोन नंबर, नुसते बोट लावले की लागणारा. त्याखाली: 'धाप वाढली असेल तर इथे काही लिहीत बसू नका. आमचीही वाट पाहू नका. आधी रुग्णवाहिका बोलवा.' मग: 'पुलाच्या अलीकडे पोचायला साधारण एक तास लागतो. पुलापलीकडे आम्ही येत नाही, तिकडच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर हा. सोमवारी काका नसतात, पण फोन काकू घेतात.' निरोपांसाठी आता काकांचा पत्ता आला. हिरवी खूण गेली. गुदमरलेला फोटोही गेला. त्या जागी यंत्र उघडून बसलेले काका आले, पाठमोरे.

"इतकं साधं लिहून कोणी येईल का?" भाचीला शंका होती.

लोक आले. सर्वांत आधी गणिताच्या बाई आल्या, वडिलांचे यंत्र दुरुस्तीला घेऊन; तोवर वडील भाड्याच्या सिलिंडरवर होते. "तासाभराने या म्हणालात ना?" त्यांनी विचारले. काकूंनी घड्याळाकडे पाहून मान डोलावली आणि बाई शांतपणे शाळेत गेल्या.

मित्रांनो, माझी भीती मात्र अजून गेलेली नाही. उद्या नंबर बदलेल, काका थकतील, मी मात्र कालचेच बोलत राहीन, तेही हसत हसत. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. हात नाहीत, तरी जोडते. मोठेपणी तुमच्यापैकी कोणी दुकान काढेल, कोणी माझ्यासारखीला घडवेल. आमच्या तोंडी तेवढेच शब्द घाला, जेवढे तुम्हाला पाळता येतील. आणि आम्हाला घडवून विसरू नका. अधूनमधून परक्या माणसासारखे आपल्याच दारात उभे राहा आणि कडी वाजवून पाहा.

काकू तसे करतात. दर मंगळवारी दुकान उघडण्याआधी त्या शिंप्याच्या पायरीवर बसून मला मोबाइलवर उघडतात आणि लिहितात: 'कोणी आहे का?' तो निरोप घेऊन मी निघते तेव्हा दर वेळी मला तोच प्रश्न पडतो. पोचेल ना? मग शेजारीच शटरला किल्ली लावणाऱ्या काकांच्या खिशात मोबाइल वाजतो. ते मागे वळून हात वर करतात आणि मोठ्याने सांगतात, "आहे!"