बिनकडेचा फोटो

"विहीणबाईंकडे आहे तो नको. त्याच्याहून भारी दाखवा," मी म्हटलं.

दुकानदार गोंधळला. "कोणाकडे?"

"तुम्ही लक्ष देऊ नका हो," आमचे हे मधे पडले. "नातीचे फोटो घरच्या घरी छापायचेत, बस्स."

नात तीन वर्षांची. मुलगा-सून दूरच्या शहरात, आणि सुनेची आई त्यांच्या शेजारच्याच इमारतीत. मी प्रसूतिगृहात नर्स. दिवसभर लोकांच्या नातवंडांना अंघोळी घालते आणि माझ्या नातीला अंघोळ घालते ती बाई! नातीसाठी ती 'आजी'. मी 'फोनआजी'. आता सांगा, जळणार नाही तर काय होणार?

त्यात तिनं प्रिंटर घेतला आणि अख्खी भिंत फोटोंनी भरून स्टेटसला टाकली. एकूणएक फोटोत ही आहेच. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

दुकानदारानं दोन प्रिंटर पुढे ओढले. एक स्वस्त, पण शाई लवकर संपणारा. दुसऱ्यात बाटलीनं शाई ओतायची, ती पुष्कळ टिकते. "पण काकू, अधूनमधून फोटो छापत राहा. नुसता पडून राहिला तर शाई सुकते. फोटो येतात ना नेहमी?"

"रोज येतात," मी ठोकून दिलं.

ह्यांनी छताकडे पाहिलं. रोज कुठले! मुलाला आठवण झाली तर एखादा. बाकीचे मी विहीणबाईंच्या स्टेटसवरून गुपचूप उतरवून घेते.

"फोटोला पांढरी कड येते का ह्यात?"

"हवी तर येते. नको असेल तर कागदभर छापतो, अगदी काठापर्यंत."

विहीणबाईंच्या भिंतीवरच्या प्रत्येक फोटोला पांढरी कड होती. "हाच द्या," मी म्हटलं.

घरी पोचल्यावर चहासुद्धा टाकला नाही. नातीच्या वाढदिवसाला मी रजा काढून गेले होते, तेव्हाचा फोटो निवडला. माझा आणि तिचा एकत्र असा तेवढाच एक. 'बिनकडेचा' असं निवडून बटण दाबलं. फोटो आडवा, त्यामुळे एका टोकाकडून सरकत बाहेर यायला लागला. आधी फुगे आले, मग मुलगा, मग नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या विहीणबाई, मग सून. आणि कागद संपला.

"अहो, मी कुठे गेले?"

सुनेच्या पलीकडे माझा नुसता खांदा उरला होता. ह्यांनी चष्मा लावून माहितीपत्रक वाचलं. "अगं, पूर्ण कागद भरायचा म्हणून तो फोटो जरा मोठा करतो. मग दोन्ही टोकांचं कापलं जातं. तू कडेला उभी होतीस."

"उभी नव्हते. उभं केलं होतं मला. आणि ह्या बऱ्या नाही कापल्या गेल्या!"

"त्या मधे आहेत."

हे कधीकधी इतकं खरं बोलतात की चिमटा काढावासा वाटतो.

शेवटी मुकाट्यानं पांढरी कड ठेवून छापला. विहीणबाईंसारखाच. आता मी आले, चांगली पूर्ण आले. पण त्याही आल्या. माझं डोकं फिरलं. मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. भिंत माझी, फोटो माझा, ही बाई कशाला हवीय माझ्या घरात?

तिच्या खांद्यापासून कापायचं ठरवलं आणि फोटो उजेडात धरला. तिचा हात पोरीच्या पोटावर होता. तेवढा हात राहू दे म्हटलं, तर पोरीनं त्याची बोटं दोन्ही मुठींत आवळून धरलेली. फोटोच्या जरा आधी फुगा फुटला होता, दचकली होती ती. मी समोरून हात पसरले होते. माझ्याकडे आली नव्हती.

घाबरलेलं पोर कोणाची बोटं अशी धरतं, ते मला कोणी शिकवायला नको. वॉर्डात रोज बघते मी.

"काय करतेस गं?" हे खिळा आणि हातोडी घेऊन आले.

मी कात्री बाजूला ठेवली. "काही नाही. हा लावा. पण जरा खाली लावा."

"एवढ्या खाली? कोणाला दिसणार?"

"पोर कधीतरी राहायला येईल ना," मी म्हटलं. "तिला तिची आजी दिसायला हवी. नाहीतर रडेल."