रडण्याचं कारण

"थांबव. इथेच थांबव," बाई म्हणाल्या आणि संकलकाने कळ दाबली. पडद्यावर पिवळ्या फ्रॉकमधली नऊ वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती, ती तशीच गोठून राहिली.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. ज्या कार्यक्रमात लहान मूल असेल तो बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय वाहिनीवर लागत नसे. म्हणून सगळे त्यांना पाठीमागे 'चाळणीबाई' म्हणत. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडायचंही.

"बाई, दुपारपासून याच रडण्याची जाहिरात चालू आहे. संध्याकाळी भाग लागणार. आता हे रडणं काढलं तर वरचे मला फाडून खातील."

"ती का रडली ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

"अहो, कुणी चिमटा काढला का तिला? जहाजाच्या भोंग्याची नक्कल केली, लोक हसले. मग सूत्रसंचालकाने विचारलं, आज बाबा असते तर काय म्हणाले असते? बस्स. आणि तो प्रश्न तुम्हीच मंजूर केलात."

"केला. तिला विचारून केला," बाई फटकन म्हणाल्या.

ते खरं होतं. परवानगीवर आईवडील दोघांच्या सह्या लागत. या मुलीच्या कागदावर वडिलांची नव्हती. विचारलं तेव्हा तिच्या आईने बाईंना बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात सांगितलं होतं की ते काही महिन्यांपूर्वी वारले. मग आज सकाळी, चित्रीकरणाआधी, बाईंनी मुलीला एकटीला गाठलं. आईसमोर मुलं आईला हवं तेच बोलतात, हे त्यांचं ठाम मत. 'तुझे बाबा वारले, त्याबद्दल कार्यक्रमात विचारलं तर चालेल का? नको असेल तर खुशाल नको म्हण,' असं त्यांनी स्पष्ट, समजुतीच्या सुरात विचारलं होतं. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग 'चालेल' म्हणाली. आपण किती नीट विचारलं, याचं बाईंना समाधान वाटलं होतं.

"मागे घे जरा," त्यांनी संकलकाला सांगितलं.

मुलगी पुन्हा प्रश्न ऐकू लागली. रडण्याआधी तिने झटकन डावीकडे पाहिलं. तिकडे काचेची खोली होती. पालकांनी तिथे बसायचं. मुलाला ते दिसायचे, पण त्यांना मंचावरचं काही ऐकू जायचं नाही. हाही बाईंचाच नियम. पालकांनी मुलांना पढवू नये म्हणून.

बाईंचं पित्त खवळलं. काचेतून खुणा केल्या असणार! असले आईबाप त्या ओळखून होत्या. मूल रडलं की प्रेक्षकांची मतं वाढतात, हे वाहिनीच्या आधी त्यांना कळतं.

"आलेच मी," म्हणत त्या जिना उतरल्या.

मुलांच्या खोलीत मुलगी एकटीच सतरंजीवर बसून बूट घालत होती. आई समोरच्या दालनात निघण्याची तयारी करत होती. उघड्या दारातून तिची पाठ दिसत होती. बाई गुडघे मोडून मुलीसमोर बसल्या.

"मघाशी रडण्याआधी तू काचेकडे बघितलंस ना? आईने काही सांगितलं होतं का, खूण केली होती का? मी कुणाला रागावणार नाही."

"नाही."

"मग का बघितलंस?"

मुलीने एक बूट पुरता घातला. दाराकडे पाहिलं आणि बाईंच्या अगदी जवळ सरकली.

"आईला ऐकू गेलं का ते बघत होते."

"काय ऐकू गेलं का?"

"बाबांचं. तुम्ही सकाळी सांगितलंत ना, ते. आईला अजून माहीत नाहीये. ती म्हणते ते जहाजावर आहेत. रोज म्हणते." तिने बाईंची बाही धरली. "आज टीव्हीवर लागलं तर तिला कळेल. ते काढून टाका ना. बाकीचं राहू दे. भोंगा छान झालाय."

सकाळी ती एवढा वेळ का गप्प होती, ते आता त्यांना कळलं. आई शेजारी असती तर तिने पहिल्या शब्दालाच त्यांचं तोंड धरलं असतं. तेवढ्यासाठीच तर तिला बाहेर ठेवलं होतं! आपलंच शहाणपण त्यांना विषासारखं वाटलं.

"तू सकाळपासून हे कुणाशीच बोलली नाहीस?"

"आई विचारत होती का रडलीस. मी म्हटलं, भीती वाटली."

खिशातला फोन वाजला. दिग्दर्शक होता.

"काय ठरलं? वरून माणूस येऊन उभा राहिलाय डोक्यावर."

"रडणं काढ. तो प्रश्नही काढ. आणि जाहिरात आत्ताच्या आत्ता बंद कर."

"कारण काय सांगू? चूक कुणाची?"

"वर येऊन सांगते."

"म्हणजे आईनेच पढवलं होतं ना? मला वाटलंच."

बाईंनी नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश होता. प्रकरण तिथल्या तिथे मिटलं असतं.

"वर येऊन सांगते म्हटलं ना!" त्या जवळजवळ ओरडल्या आणि फोन ठेवला.

तेवढ्यात आई आत आली. खांद्यावर पिशवी, चेहरा दमलेला पण हसरा. "झालं का गं? त्रास नाही ना दिला बाईंना?"

मुलीने लगबगीने दुसरा बूट घातला. उठून आईजवळ गेली आणि एकदम मोठ्या, आनंदी आवाजात म्हणाली, "आई, आपण भोंगा बाबांना कधी ऐकवायचा?"

"ऐकवू की. जहाजावर फोन लागत नाही ना, राणी."

"हो, माहितेय मला," मुलगी म्हणाली. तिने आईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तान्ह्या बाळाला थोपटावं तसा हळूहळू थोपटू लागली.

आईने आधी हाताकडे पाहिलं. मग मुलीच्या चेहऱ्याकडे. तिच्या ओठांवरचं हसू तिथेच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली, ती तिने उचलली नाही.

"कुणी?" तिने विचारलं. "कुणी सांगितलं तुला?"

मुलगी घाबरून बाईंकडे पाहू लागली. समोरच्या दालनात कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

"मी," बाई म्हणाल्या.