चौथा सांधा

"जोरात ठोक. माणूस नाहीये, खुर्ची आहे ती," मिस्त्री पलंगावरून म्हणाले.

"कळतंय मला," काकू म्हणाल्या, आणि तरी हळूच ठोकलं.

चाळीस वर्षं मिस्त्रींनी लोकांच्या खुर्च्या धडधाकट केल्या. घरातली ही एकुलती एक हातांची खुर्ची मात्र कुरकुरतच राहिली. आज करतो, उद्या करतो. मग सात महिन्यांपूर्वी त्यांचं उजवं अंग गेलं आणि विषयच संपला. मागच्या महिन्यात छातीत कफ साठला. डॉक्टरांनी काकूंना बजावलं, रोज दोन तास ताठ बसवा, नाहीतर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नाही. बसवणार कुठे? टेकलं की खुर्ची एका अंगाला कलायची. दुसऱ्या सुताराचं नाव काढलं असतं तर मिस्त्रींनी अन्न सोडलं असतं. म्हणून नवऱ्याचा हातोडा काकूंनीच हातात घेतला.

चारही सांधे सुटे झाले. आडव्या पट्टीचं टोक पायाच्या खाचेत बसतं. त्या टोकांवर जुना सरस वाळून कडक झाला होता.

"तो सगळा खरवड. जुन्यावर नवा सरस धरत नाही."

याच एका चुकीपायी मिस्त्रींनी दोन चांगले कारागीर हाकलले होते, आणि त्यांच्या बायकांची बोलणी काकूंनी खाल्ली होती.

तीन टोकं त्यांनी पटाशीने लाकूड दिसेपर्यंत खरवडली. बोटं सोलवटली. चौथ्याला पाठ भरून आली. मिस्त्रींकडे पाठ करून त्यांनी जुन्यावरच सरस ओतला आणि पट्टी आत दाबली. समोरच्या कपाटाला आरसा आहे हे त्या विसरल्याच. मान वर केली तर आरशातून मिस्त्री बघत होते.

काकू बोलणी खायला तयार झाल्या. खरं तर त्यांना ती हवीच होती.

"छान झालं," मिस्त्री म्हणाले. "सरस वाळेपर्यंत दोरी बांध आता."

"चौथा धरेल का हो?"

"दोन-तीन महिने धरेल की."

"आणि मग?"

"तेवढे पुष्कळ झाले गं."

मिस्त्री खुर्चीचे नाही, स्वतःचे महिने मोजत होते. काकूंना राग आला. या माणसाने आजवर कुणाचं कच्चं काम चालवून घेतलं नव्हतं. त्यांनी पट्टी ठोकून पुन्हा बाहेर काढली, ओला सरस फडक्याने पुसला आणि पटाशी उचलली.

"राहू दे. दमलीस."

"तुम्ही नुसतं सांगा, कुठे राहिलंय?"

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. काकू खरवडत बसल्या. लाकूड स्वच्छ दिसायला लागलं. याच्या पुढे गेलं की टोक बारीक होतं आणि सांधा कायमचा ढिला पडतो, हे चाळीस वर्षं ऐकून त्यांना पाठ होतं. मिस्त्री आता तरी बास म्हणतील, म्हणून त्या खरवडत राहिल्या.