बुधले धुणारीचा हात

माझा भाऊ ओव्हिदिओ एकदा हट्टाला पेटला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. आमच्या घरात सगळे असंच म्हणत आले. मीही ऐकून घेत आले, तो माझा मूर्खपणा.

आमच्या एल बोल्सोनमध्ये हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे, मळे गावाला खेटूनच आहेत, त्यामुळे आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरी बिअर होते. आम्ही दोघं ती माझ्या केस कापायच्या दुकानामागच्या शेडमध्ये करायचो. जव किती भाजलेला घ्यायचा, हॉप्स कधी टाकायचे, हे सगळं ओव्हिदिओ ठरवणार. उकळलेला जवाचा काढा ओतायचा, बुधले उचलायचे, नंतर घासून धुवायचे, हे माझ्याकडे. आणि गावात नाव काय? ‘ओव्हिदिओची बिअर’.

बुधले काचेचे होते, चार. एकेकात वीस लिटर काढा आंबत पडायचा. नुसता रिकामा बुधला उचलला तरी कंबर बोलायची. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागले होते की प्लास्टिकची पिंपं आणू या.

“हलकी असतात, पडली तरी फुटत नाहीत. अर्धं गाव पिंपातच करतंय.”

“अर्ध्या गावाला चव कुठे कळते? अगं नेली, प्लास्टिकमधून हवा शिरते. वास धरतं ते. काच ती काच.”

“मग धू की तूच.”

“तुझ्यासारखं मला नाही जमत,” असं म्हणून त्याने माझ्या हातातला माते, आमचा कडू चहा, ओढून घेतला आणि फुर्रकन प्यायला.

जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी मी तिसरा बुधला धूत होते. बोटं गारठून लाकडं झाली होती, त्यात साबण. बुधल्याची मान हातातून सुटली. तो पडता पडता मी धरायला गेले आणि तो सिमेंटवर आपटून फुटला. डाव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापाशी चिरून उघडी पडली. दुखलं नाही आधी. मी बोटं मिटायला गेले आणि ती मिटेनात, तेव्हा ओरडले.

दवाखान्यात दोन तास शिवणकाम चाललं. बोटं वळवणारे आतले स्नायुबंध तुटले होते, बोटं पूर्वीसारखी वळतीलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी केस कापते. त्याच दोन बोटांत बट धरून कापते. मी खाटेवर पडून हेच घोकत होते, तोवर ओव्हिदिओ आला. टोपी काढली, बँडेजकडे बघितलं आणि म्हणाला,

“एकच फुटला ना? बाकीचे तीन शाबूत आहेत?”

मी भिंतीकडे कूस वळवली. तोंड उघडलं असतं तर शेजारच्या खाटेवरची म्हातारी घाबरली असती.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून खाण्याच्या वस्तूंसाठीची दोन पिंपं आणली. ओव्हिदिओ हसला. “यात लोणचं घाल.” पण माझा हात बांधलेला, म्हणून एवढ्या खेपेला धुवायचं त्याच्यावर आलं. काढा पिंपात गेला, तीन आठवडे आंबला, बाटल्या भरल्या.

रविवारी अंगणात मांस भाजायला लावलं होतं. दहा-बारा माणसं. ओव्हिदिओने पहिली बाटली फोडली, घोट घेतला आणि सगळ्यांदेखत पचकन थुंकला.

“आंबट! व्हिनेगर झालंय! घ्या, ही आमच्या बाईसाहेबांच्या प्लास्टिकची कमाल.”

लोक हसले. आमचा शेजारी फाउस्तिनो तर माझ्या पाठीवर थाप मारून हसला.

मी उठले, शेडमध्ये गेले. पिंपात उजवा हात घालून आतून बोट फिरवलं. नखाला चरे लागले. एक नाही, शेकड्यांनी. मी ते पिंप एका हाताने ओढत आणून त्याच्या ताटासमोर आदळलं.

“हात घाल.”

“नेली, जेवतायत लोक.”

“हात घाल म्हणते ना! कशाने घासलंस?”

त्याने हात घातला. “तारेच्या घासणीने. नीट स्वच्छ व्हावं म्हणून.”

“प्लास्टिक मऊ फडक्याने पुसतात! या चऱ्यांत घाण बसली ती कुठल्या पाण्याने निघणार? जन्मात एक भांडं घासलं नाहीस आणि थुंकतोस माझ्या नावाने?”

“काचेला चरा पडला नसता,” फाउस्तिनो पुटपुटला.

“मला पडला!” मी बँडेज त्याच्या नाकासमोर धरलं. “हा दिसतोय का तुला?”

फाउस्तिनोने आपली खुर्ची मागे सरकवली. निखाऱ्यांवर चरबी चरचरत होती.

ते तीन बुधले तिथेच फोडावेत असं फार वाटलं. नाही फोडले. काचा वेचायला मलाच वाकावं लागलं असतं. “आत्ता घेऊन जा,” मी ओव्हिदिओला म्हटलं. “मांस गार झालं तर होऊ दे.” त्याला वाटलं मी मदतीला कुणाला तरी सांगेन. मी खुर्ची टाकून बसले. एकेक बुधला कवटाळून तो चढाच्या रस्त्याने आपल्या घरी गेला, तीन खेपा. तिसऱ्या खेपेला धापा टाकत होता.

यंदा हॉप्सच्या जत्रेत त्याच्या बिअरला तिसरा क्रमांक मिळाला. खोटं कशाला बोलू, चांगली होती. मी नव्या पिंपात केली तीही चांगली झाली, पण तिला कुणी विचारलं नाही. माझी बोटं अर्धीच वळतात. एका डोक्याला आता पाऊण तास लागतो आणि दोन बायका दुसरीकडे जाऊ लागल्यात.

गेल्या आठवड्यात तो दुकानात आला. बुधल्याच्या खांद्याला आतून फेसाचं कडं धरलंय, ब्रश पोहोचत नाही, तू काय करायचीस, म्हणून विचारायला. सोड्याच्या पाण्याने काठोकाठ भरून दोन दिवस ठेवलं की ते आपोआप सुटतं. मी पंधरा वर्षं तेच करत होते.

“मला नाही आठवत,” मी म्हटलं आणि गिऱ्हाइकाची मान सरळ केली.