अंथरुणावर : शून्य

मी एक जुना फळा आहे. तुमच्या वर्गातला नव्हे, मित्रांनो. पाढे आणि कविता माझ्या वाट्याला कधी आल्या नाहीत. धारूरच्या घाटाखाली म्हाताऱ्या माणसांचा एक निवारा आहे. पंधरा ऑगस्टला तुम्ही रांगेनं तिथं गाणी म्हणायला येता. त्या निवाऱ्याच्या दारात मी सतरा वर्षं टांगलेला होतो. आता न्हाणीघराशेजारी भिंतीला टेकून उभा आहे. आंघोळीचं पाणी खोलीत उडू नये एवढंच माझं काम उरलंय. तक्रार नाही. पण थकलो आहे, आणि थकल्यावर जुनं बोलावंसं वाटतं.

माझा जन्म परळीचा. तिथल्या एका सुतारानं आंब्याच्या पाच फळ्या जोडल्या, मागून दोन पट्ट्या ठोकल्या आणि वर काळा रंग दिला. टेम्पोतून निघेपर्यंत परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेचा थर माझ्यावर बसला होता. धारूरला अजिनाथ पेंटरनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हा कुठे मी पुन्हा काळा झालो.

निवारा काढला होता विजयसिंहदादांनी. दादांची जमीन मोठी, तालुक्याच्या राजकारणातही उठबस. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. आपल्या भागातली कितीतरी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात. टोळ्या ट्रकमध्ये बसतात आणि गावात म्हातारे उरतात. त्यांच्या पुढ्यात दोन वेळचं ताट यावं म्हणून दादांनी ही इमारत बांधली. पुढं काही जण बाराही महिने इथंच राहू लागले.

उद्घाटनाच्या सकाळी अजिनाथ माझ्या अंगावर ऑइलपेंटनं मथळे लिहीत होता. एकूण. पुरुष. स्त्रिया. चालते-फिरते. अंथरुणावर. प्रत्येकासमोर एक चौकोन, रोज खडूनं भरायचा. दादा आले, त्यांनी मला न्याहाळलं आणि म्हणाले, "रिकामे चौकोन फोटोत बरे दिसत न्हाईत, अजिनाथ. आकडे बी टाक."

अजिनाथ हुकमाचा माणूस. त्यानं खालून सुरुवात केली आणि 'अंथरुणावर'च्या चौकोनात एक भलंमोठं, गरगरीत शून्य काढलं. तेवढ्यात सत्यशीलाताई आतून धावत आल्या. निवाऱ्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं.

"अहो, रंगानं काय लिहायलात? आकडे रोज बदलनार!"

अजिनाथचा ब्रश हवेतच थांबला. "मग ह्या शून्याचं काय करू?"

दादा मोठ्यानं हसले. "ऱ्हाऊ दे ते. ते बदलायचंच न्हाई. आपल्याकडं कुनी अंथरुणाला खिळनारच न्हाई."

जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा फार बरं वाटलं.

त्या दिवसापासून सत्यशीलाताई रोज सकाळी पदर खोचून माझ्यासमोर उभ्या राहायच्या. कालचे आकडे पुसायच्या, आजचे लिहायच्या. शेवटचा चौकोन तेवढा तसाच राहायचा. जिल्ह्याच्या ऑफिसातून वर्षातून एकदा जीवनसाहेब माहिती घ्यायला येत. दारातच चहा पीत, मोबाईलमध्ये माझा फोटो काढत. "फळ्यावर हाय ना? मग झालं," म्हणत आणि मोटारसायकलला किक मारत. त्यांना कामचुकार म्हणू नका. अशी चाळीस ठिकाणं त्यांच्या एकट्याच्या गळ्यात होती.

तिसऱ्या वर्षी आमच्या निवाऱ्याला बक्षीस मिळालं. एकही माणूस अंथरुणाला खिळलेला नाही, असा निवारा म्हणून. पाहुण्यांनी दादांना हार घातला आणि दादांनी तोच हार काढून माझ्यावर टांगला. झेंडूचा होता. आठ दिवस मी ताठ मानेनं मिरवलो. माझं कौतुक झालं ते एवढंच, आणि त्याची मला आता लाज वाटते.

दहाव्या वर्षी सुंदरबाई अंगणात घसरून पडली. बोलायला खमकी, हसायला मोकळी म्हातारी. दोन्ही लेक ऊसतोडीला जाणारे. तिचं खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि तिची खाट खिडकीशी लागली ती लागलीच.

दुसऱ्या दिवशी ताईंनी शून्यावर खडूनं एक लिहायचा प्रयत्न केला. गुळगुळीत रंगावरून खडू घसरला. मग त्यांनी सुरी आणली आणि रंग खरवडू लागल्या. नेमके दादा आले.

"कावून खरवडायलीस, सत्यशीला?"

"सुंदरआजी खाटंवर हायत, दादा. एक लिवावं लागंल."

दादांनी शून्यावर बोट ठेवलं. "बक्षीस त्याच्यावरच मिळालंय. अन हिच्या पोरांनी वाचलं तर त्यांना काय वाटंल? आपली आई तिथं जाऊन खिळली म्हनतील. ऱ्हाऊ दे."

ताईंनी सुरी पदराआड घेतली. तेव्हापासून बेरीज जुळावी म्हणून सुंदरबाई रोज सकाळी 'चालते-फिरते'च्या चौकोनात जाऊ लागली. जिला कूस बदलता येत नव्हती, ती माझ्या अंगावर चालत होती. पुढं तिच्याबरोबर आणखी चालू लागले. आयुष्यभर मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेले म्हाळूबाबा पक्षाघातानं पडले. मग भिवराबाई. पाच वर्षांत सहा झाले.

मित्रांनो, खाटेवरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात. सहा जणांच्या कुशी, सहा जणांची अंथरुणं, आणि हात दोनच, ताईंचे. एका बैठकीत त्यांना कळलं की खाटेवर एक जरी माणूस असला तर सरकारकडून एक मदतनीस मिळते. त्या परत आल्या आणि कितीतरी वेळ माझ्यासमोर नुसत्या उभ्या राहिल्या. आम्ही वर्षानुवर्षं शून्य कळवत होतो. शून्य माणसांना मदतनीस कोण देणार?

त्या वर्षी त्यांनी जीवनसाहेबांना फोन केला. "औंदा आत येऊन बगा, साहेब. फळा खरा न्हाई."

साहेब यायला तयार झाले. माझी सुटका होणार असं मला वाटलं. पण आपली माणसं कशी आहेत ते मी विसरलो होतो. साहेब येणार हे कळल्यावर म्हाळूबाबांनी सकाळपासून धोशा लावला.

"मला उठवून बसव. सायब येनार अन मी निजून ऱ्हाऊ?"

"बाबा, आज निजूनच ऱ्हावा. तुमच्याच भल्याचं हाय."

"आमच्यात पाव्हण्याफुडं पाय लांब करून पडत न्हाईत, पोरी."

तिकडून सुंदरबाईही म्हणाली, "मला बी बसव गं. चांगलं दिसत न्हाई."

ताईंना त्यांचं मन मोडवेना. त्यांनी एकेकाला उचलून पडवीतल्या खुर्चीवर बसवलं, केस विंचरले, म्हाळूबाबांना पटका बांधून दिला. कुणी कलंडू नये म्हणून पाठीमागून टॉवेल बांधले आणि ते शालींखाली झाकले. सहा जण ओळीनं बसले. साहेब आले.

"आजी, कशा हायत?"

"बरी हाय बाबा. देवाची किरपा," सुंदरबाई म्हणाली. वेदनेनं तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी हसली.

साहेबांनी ताईंकडं पाहिलं. "हे तर सगळे बसलेत की."

त्या सहा जणांच्या तोंडावर, ही माणसं कामातून गेलीत, असं ताईंनी कसं म्हणायचं? साहेबांनी शून्य लिहिलं. ते निघून गेल्यावर टॉवेल सोडले, तेव्हा सुंदरबाईच्या पाठीवरची जखम फुटली होती. मी दारातून सगळं बघत होतो. मला तोंड असतं, तर त्या दिवशी मी ओरडलो असतो.

आणखी दोन वर्षं गेली. खाटेवरचे सात झाले. मग जीवनसाहेबांच्या जागी योगिता नावाची मुलगी आली. न कळवता, दुपारी जेवणानंतर. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सरळ आत गेली. प्रत्येक खाटेपाशी बसली. सुंदरबाईला म्हणाली, "आजी, जरा उठून पानी घेऊन दाखवता का?"

सुंदरबाई खळखळून हसली. "अगं बाई, उठता आलं असतं तर आतापतुर तुला च्या केला नसता का?"

योगितानं फॉर्मवर सात लिहिले. सातही नावं, पाठीवरच्या जखमांसकट.

महिन्याभरात वरून पत्र आलं. मागील वर्षी शून्य, यंदा सात. माहिती जुळत नाही, खुलासा करावा. योगितानं ताईंना फोन लावला. "ताई, एका वर्षात सात जन कसे पडले, असं विचारायलेत."

"एका वर्षात न्हाई पडले, बाई," ताई म्हणाल्या. "सात वर्षांत एकेक करून पडले. लिवलं तेवढं एकदम."

खुलाशावर अध्यक्ष म्हणून दादांची सही हवी होती. ते कागद घेऊन आले आणि पहिल्यांदाच पुढची खोली ओलांडून आत गेले. सुंदरबाईच्या खाटेशी बसले. ताईंनी तिची कूस बदलली तेव्हा त्यांनी मान फिरवली नाही. बाहेर येऊन सही केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तो फळा काढा तिथून." मी इथं न्हाणीघराशेजारी आलो तो असा. इथून बायकांची खोली दिसते.

खुलासा वर गेला. तिथून आणखी वर गेला. पाच महिने गेले. भाद्रपदात सुंदरबाईची जखम चिघळली, ताप चढला आणि उतरलाच नाही.

मग एका सकाळी शिवकन्या नावाची मदतनीस दारात उभी राहिली. हातात मंजुरीचा कागद, त्यावर सात नावं. पहिलं नाव तिनं मोठ्यानं वाचलं. "सुंदरबाई कोनत्या खाटंवर हायत?"

खिडकीशी रिकामी खाट होती. गादी बाहेर उन्हात टाकलेली. ताई म्हणाल्या, "ती गेली. आज नववा दिवस."

शिवकन्यानं कागदाची घडी घातली. मग तिनं पिशवी खुंटीला अडकवली, हात धुतले आणि विचारलं, "मग दुसरं नाव कोन?"

"म्हाळूबाबा."

बाबा पुरुषांच्या खोलीतूनच ओरडले, "मी खाटंवरचा न्हाई बरं का!"

"न्हाई बाबा," शिवकन्या आत जात म्हणाली. "तुमी निस्तं माझ्या गळ्यात हात टाका."

मित्रांनो, आता माहिती मोबाईलवर भरतात. गेल्या वर्षीचा आकडा त्यात आधीच आलेला असतो, बोट टेकवलं की पान पुढं सरकतं. मला त्याची धास्ती वाटते. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कुठं किती माणसं कशी आहेत ते लिहायचं काम तुमच्यापैकी कुणाकडं तरी येईल. तेव्हा दारातून लिहू नका. आत जा. खाटेशी बसा. माणूस लाजेखातर बरं आहे म्हणेल, तरी त्याला हात देऊन उठता येतं का ते बघा, आणि मगच लिहा.

शिवकन्या नऊ दिवस उशिरा आली, असं इथं सगळे हळहळून म्हणतात. ती सात वर्षं उशिरा आली.