दिपमालाताईंच्या बिबड्या

साक्रीत हेमलताच्या बिबड्यांना तोड नव्हती, आणि हे ज्याला पटत नसेल त्याने खुशाल दुसरीकडे जाऊन खाव्यात. तसं पाहिलं तर त्यात काय मोठं? ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, भरडायची, मोठ्या पातेल्यात लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची आणि हाताला चटके बसत असतानाच ओल्या कापडावर पातळ थापून उन्हात टाकायची. हे ज्वारीचे पापड उन्हाळ्यात खानदेशात घरोघर होतात. पण दुसऱ्यांच्या बिबड्या वाळल्या की कडेने तडकायच्या, हेमलताच्या कधी तडकल्या नाहीत. नातेवाईक पिशव्या घेऊन यायचे आणि भरून न्यायचे. बावीस वर्षं तिने अख्ख्या भावकीला फुकट बिबड्या पुरवल्या आणि ‘वहिनीच्या हाताला चव आहे’ एवढ्यावर खूश राहिली. भोळी म्हणा, नाहीतर काहीही म्हणा.

तिचा नवरा अभिमन टेम्पो चालवायचा. पिंपळनेरकडचा कांदा मार्केटला न्यायचा. जानेवारीत एके दुपारी जेवून उठला, छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्याच्या दारात गेलाही. टेम्पो विकावा लागला. घरात उरल्या दोघी: हेमलता आणि तिची सासू वच्छलाबाई. धाकटा दीर लोटन सुरतेला असायचा, तो तेराव्याला आला, खूप रडला, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणाला आणि गेला. सांगितल्यावर काय होतं ते हेमलताला ठाऊक होतं, म्हणून तिने सांगितलं नाही.

तिच्याकडे विकण्यासारखं एकच होतं, हात.

तेवढ्यात बचत गटाच्या बायकांना धुळ्याला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला बोलावलं. घरगुती धंदा मोबाइलवरून कसा वाढवायचा, असा विषय. हेमलता जाऊ की नको करत होती, पण दिपमालाने तिला ओढूनच नेलं. दिपमाला म्हणजे तीन घरं सोडून राहणारी सून. बीए झालेली, बोलण्यात चटपटीत. तिच्या पहिल्या बाळंतपणात चाळीस दिवस बाळाला न्हाऊ घातलं होतं हेमलताने, त्यामुळे ती हिला सख्ख्या बहिणीसारखं अक्का म्हणायची.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये एक जाकीटवाले सर होते. वस्तूचा फोटो सकाळच्या उन्हात काढा, गिऱ्हाइकाला पाच मिनिटांत उत्तर द्या, रोज काहीतरी टाकत राहा, असं बरंच त्यांनी सांगितलं. हेमलताने वहीत सगळं लिहून घेतलं. सगळ्यात शेवटी सर म्हणाले, ‘‘आणि ताई, पेजला चेहरा पाहिजे. पापड काय, कुठेही मिळतात. लोकांना करणारी बाई दिसली पाहिजे.’’ हे वाक्यही हेमलताने लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. येताना एस.टी.त तिने दोनदा वही उघडून पाहिली. अभिमन गेल्यापासून पहिल्यांदाच तिला पुढचं काहीतरी दिसायला लागलं होतं.

घरी आल्यावर तिने सासूला सांगितलं. वच्छलाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

‘‘वरीस पुरं व्हवालोंग आपला घरमा बिबड्या करानं नही,’’ ती म्हणाली. ‘‘लोके काय म्हनतीन?’’

ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर पापड, बिबड्या, लोणचं काही घालायचं नसतं. शेजारपाजारचे आणून देतात, त्यावर भागवायचं. हेमलताला हे काय माहीत नव्हतं? सासरा गेला तेव्हा तिनेच पाळलं होतं. पण सासऱ्याच्या वेळी घरात कमावता माणूस होता, आणि त्या वर्षी शेजाऱ्यांनी दिलेल्या बिबड्या कडेने तडकलेल्या होत्या तरी त्या गोड मानून खाल्ल्या होत्या. आता शेजाऱ्यांच्या बिबड्यांवर दोन बायांनी वर्ष काढायचं का?

‘‘आत्याबाई, घरी खायला नाही करत. विकायला करते.’’

‘‘तू बाहेर काय करस, माले काय करनं? आपला घरमा नको.’’

झालं. म्हातारीने वाट बंदही केली आणि उघडीही ठेवली. पोटाला लागतं हे तिलाही कळत होतं, फक्त तिला ते तोंडाने म्हणायचं नव्हतं. पोटचा पोरगा गेलेली बाई, तिला आणखी काय बोलायचं.

मग दिपमालाची गच्ची ठरली. ज्वारी तिच्याकडे भिजवायची, चूल तिच्याकडे पेटवायची, खाटा तिच्याकडे टाकायच्या. पेज काढायची वेळ आली तेव्हा दिपमालाने मोबाइल पुढे धरून विचारलं, ‘‘नाव काय टाकू, अक्का? तुमचंच टाकते ना?’’

इथे हेमलताने जे केलं त्याचा तिला पुढे रोज संताप यायचा. ती म्हणाली, ‘‘नको गं बाई. दुखाचं वरीस आहे माझं. भावकीतल्या कोणी पाहिलं तर आत्याबाईंना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाव तुझं टाक, फोटो तुझा टाक, नंबर तुझा टाक. वर्ष सरलं की बघू.’’

‘‘बघा हं,’’ दिपमाला म्हणाली, आणि ‘दिपमालाताईंच्या बिबड्या’ असं पेज निघालं. ‘बघा हं’ असं तिने म्हटलं होतं, हे मात्र खरं.

मार्च, एप्रिल, मे. पहाटे उठून हेमलता जायची आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत थापत राहायची. तळहात लाल व्हायचे. व्हिडिओ काढायची वेळ आली की ती उठून जिन्यात जाऊन बसायची आणि दिपमाला तिच्या पाटावर बसायची. दिपमालाला थापता येत नव्हतं. चौथी-पाचवी बिबडी कुठे बऱ्यापैकी गोल यायची, तेवढीच व्हिडिओत जायची. पण बोलायची काय! ‘‘नमस्कार मंडळी, आज आपल्या गच्चीवर खानदेशी घमघमाट सुटलाय.’’ घमघमाट हा शब्द साक्रीत कोण वापरतं कोण जाणे, पण पुण्या-नाशिककडच्या लोकांना तो आवडला. सुरतेची खानदेशी मंडळी तर गावच्या आठवणीने नुसती वेडी झाली. पाकिटांवर पाकिटं रवाना व्हायला लागली. दिपमालाने हेमलताचा अर्धा वाटा कधी बुडवला नाही, तेवढं माप तिच्या पदरात घालायलाच हवं. चोर असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी दिपमाला ताटावर रुमाल घालून हेमलताच्या दारात आली. मागे तिचा नवरा, हातात मोबाइल. वच्छलाबाई ओट्यावर बसलेली होती. दुखाच्या घरी शेजारणीने बिबड्या आणून द्यायच्या, त्या द्यायला दिपमाला आली होती. पद्धतच होती, तिला नाही कसं म्हणणार? हेमलता पदर सावरून पुढे झाली. दिपमालाने रुमाल काढला. ताटात शंभरेक बिबड्या होत्या, पातळ, एकसारख्या, एकही तडकलेली नाही.

दोन दिवसांपूर्वी हेमलताने स्वतः थापलेल्या.

‘‘घ्या अक्का,’’ दिपमाला म्हणाली, मोबाइलकडे बघून. ‘‘यंदा तुमच्याकडे होत नाहीत ना.’’

वच्छलाबाईने ताट कपाळाला लावलं. म्हातारीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि तेही मोबाइलमध्ये गेलं. हेमलताला आधी हसू फुटलं. मग तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सासूसमोर, त्या मोबाइलसमोर ती काय बोलणार होती? तिने हात जोडले.

तो व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. खाली दिपमालाने लिहिलं होतं की, आमच्या शेजारच्या अक्कांचे पती नुकतेच वारले, त्यांच्या घरी यंदा बिबड्या होणार नाहीत, म्हणून आमच्याकडून हा छोटासा आधार. ‘अशी शेजारीण देवाने सगळ्यांना द्यावी,’ ‘ताई, तुम्ही खानदेशची संस्कृती जपताय,’ ‘रडवलंत ताई.’ हेमलताने सगळं वाचलं. संध्याकाळी वच्छलाबाईने दोन बिबड्या भाजून शेंगदाण्यांबरोबर तिच्या पुढ्यात ठेवल्या. तिने ताट सासूकडे सरकवलं.

तरी ती गप्प राहिली. वर्ष सरू दे, असं मनाला बजावत राहिली. जानेवारीत अभिमनचं वर्षश्राद्ध झालं, लोटन आला, भावकी जेवली. चौथ्या दिवशी हेमलता दिपमालाकडे गेली.

‘‘आता नाव बदलून घेऊ, बाई. पेजवर माझं नाव टाक. तुझंही राहू दे सोबत.’’

दिपमाला चहा गाळत होती. तिने गाळणी बाजूला ठेवली. ‘‘अक्का, असं मधेच नाव बदललं तर गिऱ्हाईक बिचकतं. लोक मला ओळखतात. त्यांना वाटेल, काहीतरी भेसळ झाली.’’

‘‘पण बिबड्या माझ्या आहेत.’’

‘‘मी कुठे नाही म्हणते? पण मी तुमचं चोरलं काय? तुम्हीच म्हणालात ना, नाव तुझं टाक, फोटो तुझा टाक.’’ तिने कप पुढे सरकवला. ‘‘तुमचं वेगळं पेज काढा ना. मी शेअर करीन. आणि इथे थापायला येत जा, यंदा चार बाया लावल्यात, तुम्ही त्यांना बघा. मान तुमचाच.’’

हेमलताने चहा घेतला नाही. घरी आल्यावर तिला कळलं की तिचा सगळ्यात जास्त राग दिपमालावर नाहीच, स्वतःवर आहे. त्या चार बायांना थापायला कोणी शिकवलं होतं? हिनेच. ऑर्डरी वाढल्या तेव्हा मागच्या हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस हाताखाली आलेल्या या बायांना हात धरून शिकवलं होतं.

पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. वही काढली. मार्च लागताच स्वतःच्या ओट्यावर, सकाळच्या उन्हात तिने फोटो काढले. ‘हेमलताच्या बिबड्या, साक्री.’ चेहरा पाहिजे म्हणाले होते ना सर? तिने चेहरा टाकला. व्हिडिओत कोणतीही चौथी-पाचवी नव्हती, पहिलीच बिबडी गोल थापली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, ‘‘मी हेमलता. बावीस वर्षं हेच करते.’’ घमघमाट वगैरे काही म्हणाली नाही.

दिपमालाने शेअर केलं नाही. तरी लोकांपर्यंत पोचलं, आणि नको तसं पोचलं. पहिलीच कमेंट नाशिकच्या एका बाईची होती, मागच्या साली चारदा बिबड्या मागवणारीची. ‘या तर त्याच काकू ना, ज्यांना दिपमालाताईंनी बिबड्या नेऊन दिल्या होत्या? ज्या ताटात खाल्लं तिथेच कॉपी?’ खाली पंचवीस जणांनी दुजोरा दिला. कोणीतरी त्या ताटाच्या व्हिडिओतला फोटोही आणून चिकटवला: हेमलता हात जोडून उभी.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पाच मिनिटांत उत्तर द्या, असं सर म्हणाले होते. तिने चार मिनिटांत दिलं. ‘मागच्या वर्षीच्या सगळ्या बिबड्या मीच केल्या होत्या. त्या ताटातल्यासुद्धा.’

लिहून तिला फार बरं वाटलं. एवढं बरं तिला वर्षभरात वाटलं नव्हतं. ती ज्वारी निवडायला बसली.

अर्ध्या तासाने पाहिलं तर कमेंटा वाढल्या होत्या, पण त्यांचा रोख बदलला होता. ‘म्हणजे नवरा जाऊन तीन महिने झाले नव्हते तर काकू पापड घालत होत्या?’ ‘आमच्याकडे वर्षभर लोणच्याच्या बरणीला हात लावत नाहीत.’ ‘नाटक करून ताट घेतलं, वर सांगतायत मीच केल्या.’ आणि त्यांच्यात ओळखीची नावं दिसायला लागली. शिरपूरची मावसनणंद. सुरतेचे दोघे भाचे.

दुपारी वच्छलाबाईचा फोन वाजला. म्हातारी स्पीकरवरच बोलायची, तिला कमी ऐकू यायचं. पलीकडे लोटन होता.

‘‘माय, वहिनीनी काय लिखेल शे? आठे सुरतमा बठ्ठा वाची राहिनात. भाऊना वरीसमा तिनी बिबड्या करी विक्यात?’’

हेमलताने हातातलं सूप खाली ठेवलं. वच्छलाबाईला सगळं ठाऊक होतं. तीन महिने सून पहाटे कुठे जाते, हात लाल करून का येते, घरात किराणा कशावर येतो, सगळं. तिने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो, केल्या, मीच जाऊ दिलं, पोट होतं आम्हाला, तू काय पाठवलंस?’ एवढं म्हातारी म्हणाली असती तर हेमलताने सगळ्या नाशिकला आणि सगळ्या सुरतेला तोंड दिलं असतं.

वच्छलाबाईने सुनेकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या अभिमनच्या फोटोकडे.

‘‘नही रे दादा,’’ ती म्हणाली. ‘‘मना घरमा बिबड्यासाठे चूल पेटनी नही. ती रागमा काहीबी लिखी गयी.’’

फोन ठेवला.

‘‘आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं.’’

‘‘तसंच लिखी टाक, बाई,’’ म्हातारी म्हणाली. आवाज दरडावणीचा नव्हता, विनवणीचा होता, आणि त्यामुळेच हेमलताला काही करता येईना. ‘‘मना पोऱ्यानं नाव खराब व्हस. त्यानं वरीस कोन्ही पाळं नही असं नको व्हवाले.’’

हेमलताला ओरडावंसं वाटलं की माझंही माणूस गेलंय, एकट्या तुमचंच नाही. तीन महिने हातावर फोड घेऊन मी वर्षभर त्याचं घर चालवलं, ते पाळणं नव्हतं का? पण म्हातारी सुनेचाच मोबाइल तिच्या पुढे धरून बसली होती.

तिने मोबाइल घेतला. आधीचं उत्तर पुसलं. मग एकेक अक्षर दाबत लिहिलं: ‘माझ्याकडून रागाच्या भरात चुकीचं लिहिलं गेलं. मागच्या वर्षी आमच्याकडे दुखवटा होता, आम्ही बिबड्या केल्या नाहीत. त्या सगळ्या बिबड्या दिपमालाताईंनीच केल्या होत्या.’

बटण दाबलं. सासूला वाचून दाखवलं. म्हातारीने डोळे पुसले आणि आत जाऊन पडली.

सगळ्यात आधी दिपमालाने लाल बदाम टाकला. खाली लिहिलं, ‘काही हरकत नाही अक्का, मनात ठेवू नका.’ संध्याकाळपर्यंत त्या उत्तराला सव्वाशे लोकांनी चांगलं म्हटलं. दिपमालाताईंचं मन किती मोठं, असं नाशिकच्या बाईने लिहिलं, आणि लगेच खाली पाच किलोची ऑर्डर दिली, दिपमालाकडे.