माझा आठवा दात

मी एक म्हातारा देवणी बैल आहे. माकणीच्या एका गोठ्यात कडेला बांधलेला असतो. आता औत ओढवत नाही, कडबाही धड चावत नाही. जुन्या गोष्टी तेवढ्या पुन्हा पुन्हा चघळत बसतो.

मित्रांनो, माणसांकडे नीट असलेल्या गोष्टीसाठी शब्द फार थोडे. बैल चांगला निघाला, तर 'बरा हाय' म्हणून मोकळी होतात. पण कुठं जरा वेगळं दिसू द्या, शब्दांचं पोतंच फाटतं. वाकडा, तिरपा, विपरीत, खोडील, अवलक्षणी. निजामाचे शिपाई 'ऐबी' म्हणायचे, आळंदकडचे कानडी पाहुणे 'डोंकु' म्हणायचे. गोठ्यात उभं राहून मी सगळे ऐकले. तसलाच एक शब्द माझ्या कपाळी आला.

नळदुर्गच्या बाजारातून मला भीमाशंकर मालकांनी आणलं, तेव्हा मी सहादाती होतो. म्हणजे ऐन उमेदीतला. घर लिंगायताचं, त्यामुळं बैल म्हणजे नंदीच. मालकीणबाई चन्नम्मांनी माझे पाय धुतले, कपाळाला भस्म लावलं. त्याच उन्हाळ्यात थोरल्या मुलाचं, मल्लिकार्जुनाचं लग्न झालं आणि आळंदकडून रुद्रम्मा सून म्हणून आली. तिला मराठी बेतानंच यायची. चुकलं तर सगळी हसायची, म्हणून ती माझ्याशी कन्नडात बोलायची. मला बसवण्णा म्हणायची. वैरण टाकता टाकता माहेरच्या गोष्टी सांगायची, मी कान हलवायचो. त्या घरात आम्ही दोघंच नवे होतो.

माझं काम मोटेचं. विहिरीत मोट भरली की जाड नाडा ओढत धावेच्या उतारावरून खाली जायचं. मालक त्या ताणलेल्या नाड्यावर बसून गाणं म्हणायचे. नाडा जुना होता, दोन ठिकाणी विरलेला. मालक म्हणायचे, "दिवाळीला नवा वळू." दिवाळी यायच्या आत एका सकाळी तो तटकन तुटला. मी आणि माझा जोडीदार पुढं कोलमडलो, मालक मागं दगडावर पडले. पुन्हा उठले नाहीत.

मित्रांनो, तुटलेला नाडा तिथंच पडला होता. माणसं त्याला ओलांडून माझ्याकडं आली.

शेजारच्या दगडोबानं माझा जबडा फाकवला आणि दात मोजले. एव्हाना मी जुळायला हवा होतो, म्हणजे आठ दात दिसायला हवे होते. दगडोबा मागं सरला.

"सातदाती हाय! सातदाती बैल धन्याला खातोय, म्हायती न्हाय व्हय तुम्हाला?"

झालं. कालचा नंदी आज काळ झाला. माझ्यापुढं कुणी घमेलं ठेवीना, चन्नम्मा गोठ्याकडं बघेनात. एकटी रुद्रम्मा पदराआड पेंड लपवून आणायची. "हा असं करणार न्हाय, मला म्हायती हाय," ती मोडक्यातोडक्या मराठीत नवऱ्याला म्हणाली. मल्लिकार्जुन मान खाली घालून शेताकडं निघून गेला. बापाच्या दुःखात पोरगं बोलायचंच विसरलं होतं. शेवटी आईच्या सांगण्यावरून तो मला विकायला नळदुर्गला घेऊन गेला.

बाजारात बिराप्पा नावाच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं माझ्या तोंडात अंगठा घातला आणि हिरडी चाचपली.

"आरं, ह्यो कशाचा सातदाती? आठवा दात मोडलाय. खुंट हाय बघ हिरडीत. गव्हाणीच्या दगडावर आपटला आसंल."

खरंच आपटला होता. मला ते ठाऊक होतं, पण बैलाला विचारतो कोण?

मल्लिकार्जुन माझ्या गळ्यात पडून रडला. मला न विकता परत घेऊन आला. मीही शेपटी उडवत, रस्ताभर पाय उचलत आलो. आळ गेला, आता सगळं पूर्वीसारखं होईल, असं मला वाटलं. मल्लिकार्जुनानं अंगणातूनच बिराप्पाचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. रुद्रम्मा पाण्याचा तांब्या घेऊन धावत दारात आली आणि माझे पाय धुताना हसली. मालक गेल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात चन्नम्मा ओसरीवरून म्हणाल्या, "मल्लिकार्जुना, बैलाचं काय न्हाय म्हणतोस ना? मंग ह्या साली आपल्या घरात दुसरं नवं कोण आलं?"

दगडोबाची बायको धुरपदाबाई तिथंच बसली होती. तिनं शब्द तयारच ठेवला होता.

"पांढऱ्या पायाची, दुसरं काय!"

रुद्रम्माचे पाय मी रोज बघत होतो. शेणानं माखलेले, टाचा भेगाळलेले. कुणाचं वाईट करायला ते कधी गेले नव्हते. पण माझे दात मोजायला बिराप्पा तरी भेटला. पायगुण कोण मोजणार? तिच्या मोडक्या मराठीत तिला साधं 'नाही' म्हणायलाही सुचलं नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. माझ्यासाठी रडलेला मल्लिकार्जुन तिच्यासाठी एक शब्द बोलला नाही.

तिला माहेरी सोडायच्या गाडीला जुंपलं, ते मलाच. दगडोबा हाकायला बसला. मी मुद्दाम रेंगाळलो, एकदा तर रस्त्यातच बसलो. पाठीवर चाबूक पडले. अखेर बैल तो बैल, वाट संपवावीच लागली.

पुढं निजामाचं राज्य गेलं, कचेरीवरचा झेंडा बदलला. चन्नम्माही गेल्या. रुद्रम्माला आणायला कुणी गेलं नाही.

मित्रांनो, कुणाला अवलक्षणी म्हणायचं तुमच्या ओठांवर आलं, तर ते गिळून टाका. एकदा बाहेर पडलेला असला शब्द खोटा ठरला तरी मरत नाही. एकावरून उठतो आणि ज्याला बोलता येत नाही अशा दुसऱ्यावर जाऊन बसतो. एवढी काळजी घ्या, म्हाताऱ्या जनावराची विनंती आहे.

बापाच्या दारात गाडीतून उतरल्यावर रुद्रम्मा माझ्यापुढं आली होती. गाठोडं काखेत धरून तिनं माझं कपाळ खाजवलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "तुझं तरी बरं झालं बघ, बसवण्णा."